सावलीची झाडं

"मग मी अनुग्रह द्यायला कधीपासून लागू, माई?"

माई ओसरीच्या पायरीवर बसून समोरच्या अंगणाकडे बघत होत्या.

"माई, मी विचारलं..."

"ऐकलं रे. बहिरी नाही झाले अजून."

विश्वंभर गप्प बसला. गप्प बसणं त्याला फारसं जमत नसे, म्हणून मीही शेंगा सोलायची थांबले आणि कान टवकारले.

मी गोदा. बोरखिंडीच्या मठात दोन वेळचा स्वयंपाक माझ्याकडे. माई आमच्या मठाच्या गुरू आणि विश्वंभर त्यांचा सगळ्यात हुशार शिष्य. हे मी म्हणत नाही, तोच म्हणायचा. पण खोटं नव्हतं ते. संस्कृत घेऊन शिकलेला, आवाज गोड, पाठांतर तर असं की पोथी नुसती समोर ठेवायला लागे. तो प्रवचनाला बसला की माणसं माना डोलवायची, आणि माना डोलायला लागल्या की त्याचा आवाज आणखी गोड व्हायचा.

अनुग्रह द्यायचा म्हणजे कानात मंत्र सांगून माणसाला आपला शिष्य करून घ्यायचं. आमच्याकडे तो अधिकार माईंचा. माई हो म्हणतील तेव्हाच दुसऱ्या कुणाला. विश्वंभरला ते हो हवं होतं, आणि दसऱ्याच्या आत हवं होतं.

कारण सदानंदराव. तालुक्याच्या गावात दोन मंगल कार्यालयांचे मालक. दर गुरुवारी यायचे, विश्वंभरच्या पायावर डोकं ठेवायचे आणि म्हणायचे, "महाराज, आम्हाला तुमच्या सावलीत घ्या." विश्वंभरला कुणी महाराज म्हणत नसे तोवर. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. पुढे पुढे होईनात.

"सदानंदराव थांबलेत, माई," विश्वंभर म्हणाला. "दसऱ्याला घेऊ म्हणतात. आणखीही माणसं तयार आहेत त्यांच्यामागे. ऊन लागलेली माणसं आहेत. त्यांना आसरा हवाय."

"कुणाचा?"

"माझा... म्हणजे, आपला. माझ्याकडून."

माई अंगणाकडेच बघत राहिल्या.

समोरच्या अंगणात पूर्वी दोन जुने आंबे होते. रस्ता रुंद झाला तेव्हा ते गेले. त्यांच्या जागी विश्वंभरने तीन करंज लावले होते, स्वतःच्या हाताने, खड्डे खणून, शेणखत घालून. ते मात्र त्याने मनापासून केलं होतं. करंज आता माणसाच्या उंचीला आले होते. काठ्यांना बांधलेले, डोक्यावर थोडी थोडी पानं. आणि खाली नुसती लाल माती. पाऊस सरला होता, माती भेगाळायला लागली होती.

"तुझ्या करंजांखाली किती उघडं उघडं दिसतं रे," माई म्हणाल्या.

"माई, अनुग्रहाचं..."

"खाली काहीतरी लाव. रंगाच्या पानांचं. रस्त्यावरून येणाऱ्याला लांबून उजेड दिसेल असं. नीट निवडून आण. मग बोलू अनुग्रहाचं."

विश्वंभरला वाटलं, झालंच काम. एवढंच ना? दुसऱ्याच दिवशी तो तालुक्याच्या नर्सरीत गेला.

आला तो टेम्पो भरून. तोंडावर आनंद मावत नव्हता.

"गोदाक्का, बाहेर या! बघा काय आणलंय!"

बघते तर खरंच डोळे निवले. रंगीत अळू होता. पानं पांढरी, शिरा हिरव्या. काही गुलाबी, काही मधे लाल आणि काठाला पोपटी. त्याला खरं तर होस्टा नावाचं काहीतरी हवं होतं. मोठ्या पानांचं, पिवळ्या काठाचं. फोनवर त्याने चित्रं बघून ठेवली होती. पण नर्सरीवाला म्हणाला, ते थंड मुलखातलं, आपल्या उन्हात नाही टिकायचं. मग त्याने विचारलं, कुठे लावणार? विश्वंभर म्हणाला, झाडांखाली. नर्सरीवाला म्हणाला, मग सावलीची झाडं देतो.

"सावलीची झाडं आहेत ही," विश्वंभर मला म्हणाला.

"बरं केलंस बाबा," मी म्हटलं. "आंबे गेल्यापासून अंगणात सावली म्हणून नाही. पण ही एवढीशी झाडं सावली कधी देणार?"

विश्वंभर हसायला लागला. चांगला पोट धरून हसला.

"अहो गोदाक्का, सावलीची म्हणजे सावली देणारी नव्हेत! सावलीत राहणारी. सावली लागते त्यांना."

"मग देणार कोण?"

"करंज देणार की."

मी करंजांकडे बघितलं. मला झाडांतलं काही कळत नाही, फोडणीतलं कळतं. तो शिकलेला, त्याला ठाऊक असणार असं म्हणून मी आत गेले.

माई ओसरीवर होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं, पण बोलल्या नाहीत. त्यांची ही एक खोड मला कधी आवडली नाही. माणूस खड्ड्याकडे चालला आहे हे दिसतं, तर हाक मारावी ना! पण माईंचं म्हणणं, हाक मारली की माणूस हाकेकडे बघतो, खड्डा बघायचा राहून जातो.

विश्वंभरने संध्याकाळपर्यंत सगळी रोपं लावली. काय दिसत होतं अंगण! सदानंदराव गुरुवारी आले तेव्हा म्हणाले, "वा महाराज, तुमच्या हाताला काय गुण आहे!" त्यांनी फोटो काढले.

मंजुळाही आली होती त्या दिवशी. मंजुळा म्हणजे एसटीत कंडक्टर. सुट्टी असली की प्रवचनाला यायची. मागे बसायची, भिंतीला टेकून, आणि प्रवचन संपलं की हात वर करायची. "बुवा, मागच्या खेपेला तर तुम्ही याच्या उलट सांगितलं होतंत." झालं! विश्वंभरचा चेहरा उतरायचा. सगळ्यांसमोर उत्तर द्यावं लागायचं, आणि उत्तर शोधायला रात्री पोथ्या काढाव्या लागायच्या. "ही बाई शिकायला येते की तिकीट तपासायला?" असं तो मला स्वयंपाकघरात येऊन म्हणायचा.

त्या दिवशी मंजुळा रोपांपाशी उभी राहिली आणि म्हणाली, "बुवा, यांना ऊन लागतंय."

"झाडाखाली आहेत ती," विश्वंभर म्हणाला.

"हो. पण ऊनही लागतंय."

विश्वंभर सदानंदरावांकडे वळला.

आश्विनातलं ऊन. पाऊस गेलेला, आभाळ धुतलेलं, सूर्य डोक्यावर. पांढरी पानं आधी गेली. कडा तपकिरी झाल्या, मग मधोमध डाग पडले, मग पापड भाजल्यासारखी कुरकुरीत होऊन गळाली. विश्वंभर सकाळ-संध्याकाळ पाणी घालायचा. दुपारीही घालायचा. पाण्याने काही होईना. त्याने नर्सरीवाल्याला फोन करून बोल लावला. तो म्हणाला, महाराज, तुम्हीच म्हणालात झाडांखाली लावायची आहेत.

मग विश्वंभरला युक्ती सुचली. हुशार माणूस, युक्ती सुचणारच.

त्याने बांबू आणले, हिरवी शेडनेट आणली, आणि तिन्ही करंजांवरून मांडव घातल्यासारखी जाळी ताणून बांधली. वर बांधली तर ऊन तिरपं शिरतं, म्हणून चांगली खाली ओढून बांधली. रोपं जरा तरारली. विश्वंभरही तरारला. दसरा अगदी तोंडावर आला होता.

माई सकाळी काठी टेकत अंगणात आल्या.

"हे काय?"

"सावली, माई. रोपांना हवी ना."

"ती करंज देणार होते ना?"

"देतील. अजून... जरा अवकाश आहे."

"तोवर?"

"तोवर जाळीची."

"बरं. आणि करंज कुठे आहेत?"

विश्वंभरने वर बघितलं. करंजांचे शेंडे जाळीला टेकले होते. कोवळी पानं जाळीत दाबून बसली होती आणि मधल्या करंजाने तर मान मोडल्यासारखा शेंडा वाकवला होता.

"जाळीखाली," विश्वंभर म्हणाला.

माईंनी काठीने वाकलेला शेंडा जरा सरळ करून बघितला. तो परत वाकला.

"रस्त्यावरून जाणाऱ्याला काय वाटेल रे? सावली कुणाची म्हणेल तो? काढ ती जाळी."

"माई, काढली तर रोपं मरतील!"

"मरतील," माई म्हणाल्या, आणि आंघोळीला गेल्या.

विश्वंभरने जाळी काढली. तोंड असं केलं होतं की मला हसू येत होतं, पण मी पदर तोंडाशी धरला. संध्याकाळी तो माईंसमोर जाऊन बसला.

"माई, रोपांचं राहू द्या. उद्या दसरा. सदानंदराव येणार आहेत. मी त्यांना काय सांगू?"

"ये म्हणून सांग. दे अनुग्रह."

विश्वंभरला खरं वाटेना. मलाही वाटेना. हातातली कणीक तशीच राहिली.

"खरंच, माई?"

"खरंच. फक्त माझ्या ओसरीवर नको देऊस. ओसरी माझी आहे. तुझ्या करंजाखाली दे."

विश्वंभरने त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. त्याचे डोळे भरून आले होते. रात्री उशिरापर्यंत त्याच्या खोलीतून पाठांतराचा आवाज येत होता.

दसऱ्याला दुपारचा विजयमुहूर्त. मधल्या करंजाखाली विश्वंभरने दोन पाट मांडले, भोवती रांगोळी घातली. सदानंदराव रेशमी सदरा घालून आले. मागे दहा-बारा माणसं. माई ओसरीवर खांबाला टेकून बसल्या होत्या आणि मी त्यांच्यामागे.

पाटावर बसल्याबरोबर सदानंदरावांनी वर बघितलं. मग बाजूला बघितलं. करंजाची सावली पलीकडे पडली होती, परातीएवढी. त्यांनी पाट तिकडे सरकवला. डोकं सावलीत आलं, बाकी सगळे सदानंदराव उन्हात.

मंत्र काही लांबलचक नसतो. सांगायला क्षण लागतो. पण विश्वंभरने आधी प्रस्तावना सुरू केली. गुरू म्हणजे काय, गुरूची छाया म्हणजे काय, छायेत आलेल्याचे ताप कसे निवतात... आवाज फार सुंदर लागला होता, खोटं कशाला बोलू. सदानंदरावांच्या कानशिलावरून घाम ओघळत होता. त्यांनी रुमाल डोक्यावर टाकला. सावली सरकली तसा पाट पुन्हा सरकवला, मग पुन्हा. रांगोळी सगळी पुसली गेली. मागची माणसं एक एक करून ओसरीच्या कडेला, माईंच्या सावलीत येऊन बसायला लागली.

"महाराज," सदानंदराव शेवटी म्हणाले, "जरा ओसरीवर नाही का घेता येणार?"

"इथेच घ्यायचं आहे."

"मला भोवळ येतेय हो."

"थोडं सहन करा. छायेचं महत्त्वच..."

"महाराज, असं करू," सदानंदराव उठलेच, "पुढच्या गुरुवारी आपण माझ्या कार्यालयात ठेवू. एसी हॉल आहे. निवांत होईल."

ते गेले. जाताना माईंच्या पाया पडून गेले. पुढचा गुरुवार आला, पण सदानंदराव आले नाहीत. मागून कळलं, त्यांनी दुसऱ्या कुठल्याशा महाराजांचा अनुग्रह घेतला. तिथे मोठा मंडप होता म्हणे.

पण ते मागून. त्या दुपारी माणसं पांगली आणि विश्वंभर रिकाम्या पाटापाशी उभा राहिला. मग ताडताड ओसरीपाशी आला.

"तुम्ही हे मुद्दाम केलंत."

माईंनी वर बघितलं.

"माझं हसं व्हावं म्हणून केलंत. इतकी वर्षं मी इथे झिजलो. पाणी भरलं, झाडलोट केली, तुमची पोथी वाचली. आता चार माणसं माझ्याकडे यायला लागली तर... तुम्हाला माझं मोठं होणं बघवत नाही, माई!"

माझा पारा असा चढला! "तोंड सांभाळ रे!" मी म्हटलं. "कुणाशी बोलतोयस!"

माईंनी हात वर करून मला थांबवलं. त्या उठल्या. काठी घेतली नाही. पायऱ्या उतरून सावकाश अंगणात गेल्या आणि मधल्या करंजाखाली, सदानंदराव बसले होते त्याच पाटावर जाऊन बसल्या.

"माई?"

"मीही बघते बसून तुझ्या सावलीत."

ऊन तसंच होतं. माईंचं वय झालेलं, डोक्यावर पदरही नीट नव्हता. त्या हलल्या नाहीत. पाटही सरकवला नाही.

"माई, उठा. ऊन लागेल. मी चुकलो. असं बोलायला नको होतं. उठा ना."

माईंनी खोडाजवळची मूठभर माती उचलली. "हात पुढे कर."

विश्वंभरने हात पुढे केला. माईंनी माती त्याच्या तळव्यावर ठेवली. त्याने चटका बसून हात झटकला आणि माती खाली सांडली.

"भाजलं?"

"हो."

"करंजाची मुळं यातच आहेत," माई म्हणाल्या. "मला उठव आता. गुडघा धरलाय."

विश्वंभरने त्यांना दोन्ही हातांनी उठवलं, ओसरीवर आणून बसवलं. मी ताक आणलं. तो मात्र परत अंगणात गेला आणि खोडाभोवतीच्या मातीवर पुन्हा पुन्हा हात ठेवून बघत बसला. त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. मला वाईट वाटलं, खरं सांगते. मघाशी फार ओरडले होते त्याच्यावर.

त्यानंतर तो प्रवचनाला बसेना. माईंनी सांगितलं नव्हतं, त्याचं तोच बसेना. मेलेला अळू त्याने उपटून टाकला. माती झाकायला करंजांच्या बुडाशी गवत आणून घातलं, तर गवत गायीने खाल्लं. मग एक दिवस काही न बोलता तो पुन्हा नर्सरीत गेला.

संध्याकाळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन बसला आणि मला सांगायला लागला.

"गोदाक्का, तो पुन्हा तेच विचारायला लागला. कुठे लावणार? म्हटलं, झाडांखाली. म्हणाला, मग सावलीची. म्हटलं, नको, उन्हाची द्या. तो बघतच राहिला माझ्याकडे. म्हणाला, महाराज, झाडांखाली लावणार आणि उन्हाची कशाला?"

"मग?"

"मग सांगायचं होतं की झाडं लहान आहेत. एवढंच म्हणायचं होतं, गोदाक्का. तीन शब्द. तोंडातून निघेनात."

"म्हणालास का पण?"

"म्हणालो. झाडं लहान आहेत. त्यांना अजून सावली नाही."

मी भाकरी उलटली. त्याला म्हटलं, "हात धू, गरम वाढते."

त्याने पट्ट्यापट्ट्यांची कर्दळ आणली होती आणि पिवळा ड्युरांटा. कर्दळ तर आपल्या घरोघरी मोरीच्या पाण्यावर असते तीच, फक्त पानावर पिवळ्या रेघा. ड्युरांट्याची पानं लिंबासारखी पिवळी. नर्सरीवाल्याने त्याला सांगितलं होतं, या पिवळ्या पानाला ऊन लागलं तरच त्याचा रंग उघडतो, सावलीत ठेवलंत तर हिरवं पडेल. विश्वंभरने विचारलं, आणि पुढे करंज मोठे झाले तर? तो म्हणाला, तर हिरवं पडेल, जाणार नाही.

या खेपेला विश्वंभरने मला हाक मारली नाही, बघा म्हणून. खोडापासून हातभर लांब गोल आखून कर्दळ लावली, बाहेरच्या कडेला ड्युरांटा. आंघोळीच्या पाण्याचा पाट तिकडे वळवला. बस.

दिवाळी गेली. थंडी गेली. कर्दळीची पानं रुंद होत होत एकमेकींना भिडली, माती दिसेनाशी झाली. ड्युरांटा असा पिवळा झाला की रस्त्यावरून येणारी माणसं अंगणाशी थांबून विचारायची, हे काय लावलंय हो? आणि मधल्या करंजाचा वाकलेला शेंडा सरळ झाला होता. त्याला बाजूने दोन नव्या फांद्या फुटल्या होत्या. विश्वंभर कुणाला काही सांगायला जात नसे. पाणी घालायचा, वाळलेलं पान काढायचा आणि आत जायचा.

फाल्गुनात ऊन पुन्हा तापायला लागलं. एका दुपारी मंजुळा आली. ड्युटीवरूनच आलेली दिसत होती, खांद्याला अजून पिशवी होती. विश्वंभर करंजांना पाणी देत होता.

"बुवा, प्रवचन बंद का केलंत?"

"सांगण्यासारखं नव्हतं काही."

"असं कसं? मी सुट्ट्या बदलून घेऊन यायची. येऊन बघते तर नुसतं भजन."

विश्वंभर हसला. "चुका कुणाच्या काढणार मग?"

"त्यासाठी थोडीच यायची," मंजुळा म्हणाली. ती उन्हातच उभी होती. "बुवा, मला अनुग्रह द्याल? माईंना विचारून."

विश्वंभरच्या हातातली नळी तशीच वाहत राहिली.

"आधीच सांगते," मंजुळा म्हणाली. "मी महाराज वगैरे म्हणणार नाही. नोकरी सोडणार नाही. आणि पटलं नाही तर तोंडावर बोलणार. चालेल का बघा."

"मग माझ्याकडेच का? माईंकडून घे."

"माईंना विचारायला माझ्याकडे काही नाही. माई बोलल्या की मला पटतंच. तुमचं मात्र ऐकते, घरी जाते, आणि दोन-दोन दिवस डोक्यात भांडण चालतं."

"थांब जरा," विश्वंभर म्हणाला आणि माईंकडे निघाला. माई पलीकडच्या करंजाखाली, कर्दळीत वाकून वाळकी पानं ओढत होत्या. मी त्यांच्याजवळ सुपात पानं गोळा करत होते.

"माई, मंजुळा अनुग्रह मागतेय. माझ्याकडे."

"हं."

"मी नाही म्हणून सांगतो तिला."

"का रे?"

विश्वंभर तिथेच मातीत बसला. आवाज गोड नव्हता त्याचा, साधाच होता.

"सदानंदरावांना सावली हवी होती, ती माझ्याजवळ नव्हती. ते मला कळलं. पण हिला सावली नकोच आहे, माई. ती उन्हात उभी राहून बोलते माझ्याशी. वर मलाच रात्र रात्र जागून शोधायला लावते. तिला माझं काही लागतच नाही. मग मी तिचा गुरू कसला? मी तिला देणार काय?"

माईंनी ओढलेलं पान सुपात टाकलं. मग विश्वंभरचं मनगट धरलं आणि त्याचा हात कर्दळीच्या पानांखाली, खोडाच्या बुडाशी नेऊन मातीवर टेकवला.

पानांबाहेर ऊन रणरणत होतं.

विश्वंभरने हात तिथेच ठेवला. बराच वेळ ठेवला. काढला तेव्हा तळव्याला ओली, गार माती लागली होती. दसऱ्याला चटका देणारी तीच माती, आता करंजाच्या मुळांशी गार झालेली.

"पण मी तिला देणार काय, माई?"

"करंजाला विचार," माई म्हणाल्या.